डोक्याच्या मारानंतर डोळा मऊ पडला तर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, लेकरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि त्याच दिवशी इथून शंभरेक किलोमीटरवर पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि दोन्हीकडून दगडांचा मारा. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. ज्यांना जास्त लागलं त्यांना घेऊन गाड्या नागपूरच्या वाटेला लागतात. दगड कपाळावर बसतो, भुवईवर बसतो, गालाच्या हाडावर बसतो. माणूस बेशुद्ध असला किंवा उलट्या करत असला की सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे जातं, आणि ते जायलाच हवं. सीटी स्कॅन होतो, टाके पडतात, चार दिवस आयसीयूत जातात. सुजून मिटलेल्या पापणीमागे डोळ्याचं काय झालं, हे पाहायचं मात्र अनेकदा राहून जातं.

गोटमार वर्षातून एकदाच होते. पण दुचाकी घसरून डोकं दुभाजकावर आपटणं, बैलाचं शिंग लागणं, म्हातारं माणूस मोरीत घसरून पडणं हे विदर्भात बारा महिने चालू असतं. पेशंट वाचतो, घरी येतो, आणि दीड-दोन महिन्यांनी घरातलं कुणी तरी त्याला घेऊन डोळ्यांच्या ओपीडीत उभं राहतं. ‘डॉक्टरसाहेब, ह्याचा हा डोळा लहान होऊन राहिला जी.’ तपासलं की कळतं, डोळ्याचं प्रेशर उतरलं आहे. काचबिंदूमुळे डोळ्याचं प्रेशर वाढतं हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते खूप उतरलं तरी डोळा जाऊ शकतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातही जखमी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या नातेवाइकांसाठी, कारण योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायचं काम बहुतेक वेळा त्यांच्यावरच येतं.

आधी एक खात्री करून घ्यावी लागते. डोळा खरोखर लहान झाला आहे, की लहान दिसतो आहे? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळ्याची खोबणी ज्या हाडांची असते, त्यातलं तळाचं आणि नाकाकडचं हाड कागदासारखं पातळ असतं. समोरून जोराचा मार बसला की हे हाड फुटतं आणि डोळ्यामागची चरबी खालच्या पोकळीत उतरते. डोळा धडधाकट असतो, त्याचं प्रेशरही ठीक असतं, पण तो खोबणीत मागे जातो. सुरुवातीला सूज असल्यामुळे हे कळत नाही. आठ-दहा दिवसांनी सूज ओसरली की एक डोळा खोल गेलेला दिसतो, वर पाहताना एकाची दोन माणसं दिसतात, गाल आणि वरचा ओठ बधिर लागतो. यावर उपाय हाडाची शस्त्रक्रिया हा असतो. ती ज्यांना लागते त्यांच्यात साधारण पहिल्या दोन आठवड्यांत केलेली बरी, कारण पुढे आतल्या पेशी चिकटून बसतात.

लहान मुलांच्या बाबतीत इथे एक फसगत होते, ती आईबापांनी जरूर लक्षात ठेवावी. मुलांचं हाड लवचिक असतं. ते फुटून पुन्हा फटीसारखं मिटतं आणि डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, सूज नाही, रक्त नाही. पण मूल वर पाहू शकत नाही, उलट्या करतं, नाडी मंदावते. उलट्या पाहून सगळे मेंदूच्या माराकडे पाहत बसतात आणि स्नायू मात्र तासातासाला निकामी होत जातो. डोक्याला लागलेल्या मुलाचा सीटी ठीक आला आणि उलट्या थांबत नसल्या, तर त्याला मान न हलवता फक्त डोळे वर-खाली करायला सांगा. एक डोळा अडकत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अशा मुलाची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी लागते.

लहान दिसण्याचं दुसरं कारण पापणीत असतं. पापणी किंचित खाली आली की डोळा बारीक वाटतो. पापणी जरा उतरलेली, त्याच बाजूची बाहुली दुसरीपेक्षा लहान, आणि अपघातानंतर मानेत किंवा डोक्याच्या एका बाजूला दुखणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर थांबू नका. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर अशी खूण दिसते, आणि पुढे पक्षाघाताचा धोका असतो. त्या घडीला डोळ्याच्या दवाखान्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

ओळख पटवायचा एक साधा उपाय आहे. अपघाताआधीचा समोरून काढलेला एखादा फोटो, आधार कार्डावरचाही चालेल, आणि आजचा फोटो शेजारी ठेवून पाहा. मग पेशंटला मान मागे टाकायला लावून खालून, हनुवटीकडून दोन्ही डोळे बघा. खोल गेलेला डोळा त्या कोनातून चटकन कळतो. आक्रसलेल्या डोळ्याचं बुबुळच लहान, धुरकट किंवा वेडंवाकडं झालेलं असतं, आणि त्या डोळ्याने दिसत नसतं किंवा फारच कमी दिसत असतं. हे सगळं पाहताना डोळा दाबून बघायचा मोह मात्र टाळा. त्याचं कारण पुढे येतंच.

आता प्रेशरकडे वळू. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे सिलिअरी बॉडी नावाची एक कडी असते, ती हे पाणी बनवते. मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर, म्हणजे दीड-दोन तासांत आतलं सगळं पाणी बदलून जातं. बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते बाहेर पडतं. नागपूरकरांना कूलरची टाकी सांगायला नको. पातळी उतरली तर एक तर नळ बंद पडलेला असतो, नाही तर टाकी कुठे तरी गळत असते, नाही तर पाणी जायचं भोक मोठं झालेलं असतं. डोळ्याचं प्रेशर उतरण्याची कारणंही याच तीन घरांत बसतात, आणि डॉक्टर तपासताना मनात हेच तीन प्रश्न धरून असतात.

साधारण 10 ते 21 हे आकडे नॉर्मल धरतात. मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने 2006 ते 2008 या काळात नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत तिशीपुढच्या 4711 लोकांचे डोळे तपासले होते. त्यात सरासरी प्रेशर 13 ते 14 च्या दरम्यान निघालं आणि बुबुळाची सरासरी जाडी 514 मायक्रॉन. युरोपीय लोकांच्या मानाने ही जाडी कमी आहे, आणि बुबुळ पातळ असलं की यंत्र प्रेशर थोडं कमीच दाखवतं. म्हणून आपल्याकडे कुणाच्या कागदावर 10 किंवा 11 लिहिलेलं दिसलं तर घाबरून जायचं कारण नाही. चिंता सुरू होते ती 5-6 च्या खाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट दोन डोळ्यांतला फरक. मार लागलेल्या डोळ्यात 6 आणि दुसऱ्यात 15, हे बोलकं आहे. फक्त एका डोळ्याचा आकडा लिहिलेला असेल तर दुसऱ्याचाही मोजायला सांगा.

नातेवाइकांचा हमखास प्रश्न असतो, की मेंदूला मार लागला म्हणून डोळ्याचं प्रेशर उतरलं का? बहुतेक वेळा नाही. ज्या फटक्याने डोकं फुटलं त्याच फटक्याने डोळ्यालाही मार बसलेला असतो, इतकाच त्याचा अर्थ. याला एक अपवाद आहे. मेंदूची सूज उतरवायला आयसीयूत मॅनिटॉलची सलाइन देतात, कधी अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात. या औषधांनी डोळ्याचं प्रेशरही खाली येतं, पण दोन्ही डोळ्यांचं, आणि औषध थांबलं की ते पुन्हा चढतं. शरीरातलं पाणी फार कमी झालं, किंवा मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साचलं, तरी दोन्ही डोळे मऊ पडतात. दोन्ही डोळ्यांचं प्रेशर उतरलं असेल तर कारण अंगात शोधायचं, एकाच डोळ्याचं उतरलं असेल तर त्या डोळ्यात. हा नियम शंभर टक्के नसला तरी फार उपयोगाचा आहे.

एका डोळ्यातल्या कारणांत सगळ्यात आधी गळतीचा विचार करावा लागतो, कारण तिथे तास मोजायचे असतात. डोळ्याचा पांढरा भाग मजबूत दिसतो, पण डोळा हलवणारे स्नायू जिथे चिकटतात त्याच्या अगदी मागे त्याची जाडी जेमतेम 0.3 मिलिमीटर असते. दगड समोरून बसला की डोळा पुढून-मागे चेपतो, आडवा फुगतो आणि नेमका या पातळ जागी फाटतो. ही फाट वरच्या लाल, सुजलेल्या आवरणाखाली झाकलेली राहते. दिसते ती फक्त बुबुळाभोवती चहूकडून फुग्यासारखी आलेली रक्ताळ सूज, आत साचलेलं रक्त, एका बाजूला ओढलेली टोकदार बाहुली आणि जवळपास गेलेली नजर. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी मोठी चीर देऊन, टाके घालून झालं होतं, अशा म्हाताऱ्या माणसांत जुनी चीरच उसवते. आजी मोरीत पडल्या, डोक्याला टेंगूळ आलं, सीटी नॉर्मल आला म्हणून घरी आणलं, आणि त्या डोळ्याने मात्र त्यांना काही दिसेना, तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

डोळा फुटल्याची नुसती शंका असली तरी तो धुवायचा नाही, चोळायचा नाही, त्यावर बोळा दाबून पट्टी बांधायची नाही, कुठलेही थेंब किंवा मलम घालायचं नाही. काही रुतलेलं असेल तर ते तसंच राहू द्यायचं. चहाचा कागदी कप तळाकडून कापून त्याचा उथळ वाटीसारखा भाग घ्या आणि त्याची कड भुवईच्या व गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला लागणार नाही, अशा बेताने चिकटपट्टीने लावा. पेशंटला खायला-प्यायला देऊ नका, कारण पूर्ण भूल देऊन टाके घालावे लागतील. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का ते विचारा. मध, आईचं दूध, एरंडेल हे गावाकडे अजूनही प्रेमापोटी डोळ्यात घातलं जातं. फाटलेल्या डोळ्यात ते जंतू घेऊन जातं. अशा वेळी डॉक्टर प्रेशर मोजायचं यंत्रही डोळ्याला टेकवत नाहीत. त्यांनी प्रेशर मोजलं नाही म्हणून हलगर्जी झाली असं समजू नका, ती खबरदारी असते. टाके शक्यतो 24 तासांच्या आत पडावेत. आतल्या पडद्याचं मोठं ऑपरेशन बहुधा त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी ठरवतात.

बारीक गळती शोधायची तपासणी पाहण्यासारखी असते. डोळ्यावर नारिंगी-पिवळा रंग लावतात आणि निळ्या उजेडात पाहतात. सगळा पृष्ठभाग हिरवट चमकत असतो, आणि जिथे भोक आहे तिथून आतलं पाणी त्या रंगाला ढकलत काळसर ओघळ बनून खाली येताना दिसतं. डॉक्टरांच्या हाती दोन मिनिटांत पुरावा लागतो. टाके घातल्यानंतरही प्रेशर चढत नसेल तर ही तपासणी पुन्हा करतात.

डोळा फुटलेला नसतानाही प्रेशर उतरतं. माराने आत सूज आली की सिलिअरी बॉडी काही दिवस पाणी बनवायचं जवळजवळ थांबवते. डोळा लाल, उजेड सहन न होणारा, ठणकणारा असतो. इथे स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे अॅट्रोपिनसारखे थेंब काम करतात आणि बहुतेक डोळे दोन-चार आठवड्यांत सावरतात. पण हे थेंब मनाने सुरू करायचे नाहीत आणि मनाने बंदही करायचे नाहीत. लाल डोळा म्हणून मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या स्टिरॉइडने बुबुळाची जखम चिघळून डोळा गेल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

कधी सिलिअरी बॉडी तिच्या जागेवरून सुटते. तिच्या आणि पांढऱ्या भिंतीच्या मधे फट पडते, आणि आतलं पाणी जाळीतून जायचं सोडून त्या फटीतून डोळ्याच्याच थरांमधे उतरत राहतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, टाका घालायला जखम नाही, आणि प्रेशर 2 किंवा 3. याला सायक्लोडायलिसिस क्लेफ्ट म्हणतात. तरुण पोराला दगड किंवा चेंडू लागून गेला, सगळं बरं झालं म्हणून तो कामालाही लागला, आणि महिन्याभराने त्याला मधोमध पाहिलेल्या रेषा वाकड्या दिसू लागल्या, अशी ही गोष्ट असते. डोळा मऊ पडल्यामुळे मागचा पडदा सुरकुततो, म्हणून रेषा वाकतात. फट सापडायला आरशाची एक खास लेन्स डोळ्याला लावून कोपरे बघावे लागतात, किंवा यूबीएम नावाची डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी करावी लागते. फट लहान असेल तर थेंबांनी मिटते, नाही तर लेझर किंवा टाके. मला हे कारण मुद्दाम लांबवून सांगावंसं वाटतं, कारण ते शोधलं तरच सापडतं, आणि सापडलं तर गेलेली बरीचशी नजर परत येऊ शकते.

फट मिटली की एक गमतीशीर वाटेल अशी पण धोक्याची गोष्ट घडते. आजवर आळसावलेली जाळी एकदम कामाला लागू शकत नाही आणि प्रेशर रातोरात 40-50 वर चढतं. डोळा भयंकर दुखतो, उलट्या होतात. डोक्याला मार लागून गेलेला माणूस पुन्हा उलट्या करू लागला की घरचे मेंदूच्या भीतीने हादरतात. अशा वेळी त्याच रात्री मेंदूबरोबर डोळाही तपासून घ्यावा.

मागचा पडदा, म्हणजे रेटिना सुटला तरी प्रेशर खाली येतं. फार नाही, दुसऱ्या डोळ्यापेक्षा चार-पाच अंकांनी. मार लागल्यावर लगेच, किंवा काही महिन्यांनीही पडदा सुटू शकतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, विजेसारख्या चमका, मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली. सावली दिसली की आठवडा नाही, दिवस मोजायचे. वेळेत ऑपरेशन झालं तर पडदा बसतो. महिनोन् महिने तसाच राहिला तर त्यावर आणि सिलिअरी बॉडीवर जाड पापुद्रे धरतात, ते तिला आतून ओढून सोलतात, आणि मग पाणी बनवणारी जागाच मरते. मोठ्या मारानंतर आक्रसलेल्या कित्येक डोळ्यांमागे हाच न सोडवलेला पडदा असतो.

आता एक कारण असं, की ज्याचा फटक्याशी थेट संबंध नाही आणि जे टाळणं सगळ्यात सोपं आहे. बेशुद्ध माणसाच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत. कवटीच्या तळाला तडा जाऊन चेहऱ्याची नस दुखावली असेल तर त्या बाजूची पापणी मिटूच शकत नाही. आयसीयूत उशाशी उभं राहून खालच्या अंगाने पाहा, दोन पापण्यांच्या मधे पांढरी, ओलसर किंवा कोरडी पडलेली एक पट्टी दिसते. त्या पट्टीतलं बुबुळ एसीच्या कोरड्या हवेत सुकतं, त्यावर ओरखडा पडतो, ओरखड्यात जंतू शिरतात आणि पाच-सहा दिवसांत पांढरा डाग धरतो. तिथली संवेदनाही गेलेली असेल तर शुद्धीवर आलेल्या पेशंटलाही दुखत नाही. बुबुळाला भोक पडतं, आतलं पाणी जातं, डोळा बसतो. मेंदू वाचला आणि डोळा नुसत्या कोरडेपणाने गेला, हे मनाला फार लागतं. भेटीच्या वेळी नर्सताईंना विचारा, डोळ्यात मलम किती वेळा घालतात, पापण्या मिटवून चिकटपट्टी लावली आहे का. त्यांच्या हाताखाली दहा कामं असतात, तुम्ही आठवण केलीत तर त्यांनाही मदतच होते. डोळा लाल झाला किंवा बुबुळावर ठिपका दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना बेडवर बोलवायची विनंती करा.

काही दुर्मिळ कारणंही आहेत. मानेतली धमनी दुखावून डोळ्याचा रक्तपुरवठा घटला तर पाणी बनणं कमी होतं. लहानपणी अपघातानंतर मेंदूतलं पाणी उतरवायला शंट बसवलेल्या काही जणांत पुढे वर्षांनी दोन्ही डोळे खोल गेलेले दिसतात. तिथे डोळे आक्रसलेले नसतात, खोबणीचं हाड बदललेलं असतं.

आक्रसणं ही या सगळ्याची शेवटची पायरी. मोठ्या माणसाचा डोळा पुढून-मागे साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. प्रेशर महिनोन् महिने पडून राहिलं की भिंती जाड होतात, आतल्या रचना एकमेकींत मिसळतात, चार बाजूंचे स्नायू ओढून डोळ्याला चौकोनी करतात, लांबी 20 च्या खाली जाते, आत चुना आणि कधी चक्क हाड धरतं. डॉक्टर याला थायसिस म्हणतात. इथवर पोचलेला डोळा पुन्हा मोठा करणारं औषध नाही, थेंब नाहीत, ऑपरेशनही नाही. तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. पण त्याच्या अलीकडचा टप्पा, म्हणजे डोळा मऊ आहे, आकार मात्र टिकून आहे आणि उजेड कळतो आहे, तो अजून आशेचा असतो. आतले पापुद्रे काढून, डोळ्यात सिलिकॉन तेल भरून काही डोळे आकाराने आणि थोड्या नजरेने टिकवता येतात. म्हणून ‘टॉर्चचा उजेड कळतो का, कुठल्या बाजूने येतो ते कळतं का’ हे घरी रोज विचारून पाहावं आणि डॉक्टरांना सांगावं.

डॉक्टरांकडे जाताना अपघाताच्या दिवसाची कागदं, सीटीची सीडी, आधीच्या चष्म्याचा नंबर आणि चालू औषधांची चिठ्ठी न्या. सीटी मेंदूचा झाला असेल तर डोळ्याच्या खोबणीचे पातळ काप त्यात आहेत का, ते विचारा. मेंदूच्या नेहमीच्या सीटीत ते बहुधा नसतात. छिन्नी-हातोड्याचं काम करताना किंवा स्फोटात लागलं असेल आणि डोळ्यात लोखंडाचा कण असण्याची शक्यता असेल तर एमआरआय करण्याआधी ती गोष्ट आवर्जून सांगा. चुंबकाने तो कण आत हलतो. आत रक्त साचून काही दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी, बी-स्कॅन करतात. उघडी जखम नाही याची खात्री झाल्यावर मिटल्या पापणीवरून ती होते.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथे मेंदू आणि डोळा दोन्हींचे विभाग एकाच आवारात आहेत. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी जवळ पडतं. मोठ्या डोकेदुखापतीत अशी जागा बरी, एका छताखाली दोन्ही डॉक्टर एकमेकांना बोलावू शकतात. 108 ची अॅम्ब्युलन्स फुकट आहे. रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्याला केंद्र सरकारच्या मे 2025 पासून लागू झालेल्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा कॅशलेस उपचार मिळतो. त्यापुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडून येणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड बरोबर ठेवावं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

चांगल्या डोळ्याबद्दलही बोलायला हवं. एक डोळा फुटून आतला रंगद्रव्याचा थर उघडा पडला, तर क्वचित शरीराची रोगप्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर उलटते. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना, 1812 मध्ये, खोगीर बनवणाऱ्या वडिलांच्या कामाच्या जागी टोच्या लागून त्यांचा एक डोळा फुटला आणि पाच वर्षांचे होईतो दोन्ही गेले. आज स्टिरॉइड आणि इतर औषधांनी हा आजार बराच आवरता येतो, अट एवढीच की तो लवकर कळावा. बहुतेकांत तो पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, पण कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. चांगल्या डोळ्याला उजेड खुपू लागला, तो लाल झाला, जवळचं वाचताना धूसर दिसू लागलं तर ‘ताण आला असेल’ म्हणून वाट पाहू नका. आणि एकच डोळा उरलेल्या माणसाने, नंबर असो-नसो, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा दिवसभर लावावा. शेतात पऱ्हाटी उपटताना, वेल्डिंगच्या दुकानात, दुचाकीवर, सगळीकडे. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं घ्यावं.

डोळा आक्रसलाच, तर त्याचं पुढे काय करायचं हे तो दुखतो की नाही यावर ठरतं. दुखत नसेल तर काढायची घाई नको. त्यावर बसणारं पातळ अॅक्रिलिकचं कवच बनवतात, दुसऱ्या डोळ्याच्या रंगाशी जुळवून हाताने रंगवलेलं. आक्रसलेल्या डोळ्याचे स्नायू शाबूत असल्यामुळे हे कवच थोडं हलतंही, आणि समोरच्याला कळतसुद्धा नाही. तयार साच्यातला डोळा स्वस्त पडतो, पण मापाने बनवलेला नीट बसतो. वर्षाला एकदा पॉलिश आणि साधारण पाच वर्षांनी नवा, एवढी निगा. दुखत असेल तर आतला भाग काढून गोळा बसवतात आणि वर कवच. लहान मुलांत मात्र उशीर चालत नाही. डोळ्याचा भराव नसेल तर खोबणीचं हाड वाढत नाही आणि चेहऱ्याची ती बाजू खुरटी राहते, म्हणून त्यांना लवकर कवच देऊन वाढीबरोबर ते बदलत न्यावं लागतं. न दिसणाऱ्या डोळ्याचीही वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घ्यावी, कारण आत गाठ वाढत असेल तर ती बाहेरून कळत नाही.

शेवटी कागदपत्रांचं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा नॉर्मल असेल तर सध्याच्या सरकारी निकषांनुसार दृष्टीचं अपंगत्व 30 टक्के धरतात. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी 40 टक्के लागतं, त्यामुळे प्रमाणपत्र मिळूनही अनेकांची निराशा होते. तरी ते काढून ठेवावं. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात पोलिसांची नोंद, पहिल्या दिवशीची डोळ्याची तपासणी आणि हे प्रमाणपत्र, तिन्ही लागतात. पहिल्या दिवशी डोळा तपासल्याची नोंदच नसेल तर पुढे तो त्याच अपघातात गेला हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. म्हणून डोक्याच्या मारासाठी भरती करतानाच ‘डोळ्यांचाही रेफरन्स लिहा’ असं डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरवर ती ओळ लिहिलेली पाहूनच पुढे व्हा.